निलोफर : दासीच्या मृत्यूने हळहळलेली राजवधू

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या धाकट्या सूनबाई निलोफर यांचे नाव निघाले की त्यांच्या सौंदर्याच्या आणि भरजरी साड्यांच्या कथाच अधिक रंगतात. हैदराबादच्या सामान्य स्त्रियांना मात्र ते नाव एका रुग्णालयाचे म्हणून परिचित आहे आणि तीच त्यांची खरी ओळख मानावयास हवी.

निलोफर यांचा जन्म १९१६ साली इस्तंबूल येथे ओस्मानी राजघराण्यात झाला. त्या लहान असतानाच वडील निवर्तले. १९२४ मध्ये खिलाफत रद्द होऊन राजघराण्यावर हद्दपारीची पाळी आली, तेव्हा आईसह त्यांनी फ्रान्समधील नीस गाठले. तेथेच १९३१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, निजामांचे द्वितीय पुत्र मोअज्जम जाह यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच दिवशी खलिफांच्या कन्या दुर्रूशेहवार थोरल्या राजपुत्राच्या पत्नी झाल्या. मराठवाड्यासह पसरलेल्या त्या विशाल संस्थानात दोघी एकदमच सुना म्हणून आल्या. पुढे दुर्रूशेहवार यांना दोन पुत्र झाले. निलोफर यांची कूस मात्र उजवली नाही. युरोपातील वैद्यांचे उपचारही निष्फळ ठरले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले. अशातच रफत नावाची त्यांची आवडती दासी बाळंतपणात दगावली. राजघराण्याच्या इतक्या निकट वावरणाऱ्या स्त्रीलाही वेळेवर योग्य उपचार मिळू नयेत, हे त्यांच्या जिव्हारी लागले. त्यांनी सासऱ्यांकडे आग्रह धरला. निजामांच्या पाठबळाने रेड हिल्स भागात स्त्रिया व बालकांसाठी शंभर खाटांचे रुग्णालय उभे राहिले आणि १९५३ साली ते सुरू झाले.

त्या काळी बाळंतपणातील अनेक संकटे ती कोसळल्यावरच ध्यानी येत. गरोदरपणातील उच्च रक्तदाब हे त्यांतील एक कपटी संकट. तो साधारणतः विसाव्या आठवड्यानंतर प्रकटतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि वेळीच आवरले नाही तर आकडी येऊन माता व मूल दोघांवर बेतते. बिघाडाचे मूळ मात्र वार रुजतानाच पडलेले असते. म्हणूनच आता अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान मातेची पूर्वपीठिका, दोन्ही दंडांवरील रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांची डॉपलर तपासणी आणि रक्तातील वारेचे एक प्रथिन यांवरून धोका आधीच अजमावता येतो. धोका अधिक असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्प मात्रेत अॅस्पिरिन दिले जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जास्त धोक्याच्या गर्भवतींमध्ये मुदतपूर्व प्रसूतीस भाग पाडणाऱ्या अशा विकाराचे प्रमाण या उपायाने ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. अर्थात, गरोदर स्त्री तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात पोहोचली तरच हे साधते. सातव्या महिन्यात प्रथम नाव नोंदविणारीला त्याचा लाभ नाही.

रुग्णालय सुरू होईपर्यंत निलोफर यांचा संसार मोडला होता. पतीने दुसरा विवाह केला, १९५२ साली घटस्फोट झाला आणि त्या फ्रान्सला परतल्या. १९६३ मध्ये त्यांनी एडवर्ड पोप या अमेरिकन गृहस्थाशी विवाह केला. १९८९ साली पॅरिस येथे त्यांचे निधन झाले व नजीकच्या बॉबिनी येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.