गादीचा तंटा आणि बाळाजी विश्वनाथ

तारापूरचा किल्ला १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. पालघर-बोईसरच्या परिसरास या विजयाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ज्या राज्यव्यवस्थेने ही फौज पोसली, ती चिमाजींच्या वडिलांनी एका भाऊबंदकीतून घडविली होती, याचे स्मरण क्वचितच होते.

श्रीवर्धनच्या देशमुख घराण्यातील बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळे घाटावर आले आणि सेनापती धनाजी जाधवांच्या पदरी वसुलाचे काम पाहू लागले. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले. ताराबाईंनी मात्र आपल्या पुत्राचा हक्क पुढे केला. खेडच्या लढाईत धनाजी शाहूंना मिळाले व १७०८ मध्ये शाहूंना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. पण खजिना रिकामा आणि सरदार दोलायमान! अशा वेळी बाळाजींनी पैसा व फौज उभी केली. १७१३ मध्ये ते पेशवे झाले आणि ताराबाईंच्या पक्षाचे कान्होजी आंग्रे यांना त्यांनी वाटाघाटींनी शाहूंकडे वळविले.

त्याच काळात युरोपात स्पेनच्या गादीसाठी युद्ध पेटले होते. १७१३ च्या उत्रेख्त येथील तहाने गादी फ्रेंच राजाच्या नातवाकडे राहिली. पण जिब्राल्टर, मिनोर्का आणि स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींना गुलाम पुरविण्याचा मक्ता ब्रिटनने मिळविला. १६९४ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ इंग्लंडमुळे कर्ज उभारण्याची ताकद ब्रिटनच्या अंगी आली होती. वारसांच्या भांडणात खरा लाभ पैशाची तजवीज करणाऱ्याचा होतो, हेच दोन्हीकडे दिसून आले.

१७१९ मध्ये बाळाजींनी दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाईचा चतुर्थांश राजाकडे, तर उरलेल्याचा बहुतांश ‘मोकासा’ म्हणून सरदारांकडे, अशी वाटणी ठरली. सरदारांना नवा मुलूख जिंकण्याची ईर्षा त्यातूनच लाभली. १७२० मध्ये बाळाजींचे निधन झाले आणि पेशवाई त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालली.

या व्यवस्थेने राज्य वाढविले, हे निर्विवाद आहे. परंतु निष्ठा वसुलाच्या वाट्याने बांधली गेली, की मध्यवर्ती सत्ता दुबळी होताच प्रत्येक वाटेकरी स्वतंत्र होऊ पाहतो. गृहकलह मिटविण्यासाठी दिलेली किंमत पुढच्या पिढ्यांना फेडावी लागली. बाळाजींच्या कर्तृत्वाचे मोल मान्य करूनही हा हिशेब विसरता येत नाही.