परदेशीपुऱ्याच्या डॉक्टर दादी

इंदूर : घरात कुणाला दिवस गेले की आज पहिला प्रश्न येतो, नॉर्मल होणार की सिझर? इंदुरात परदेशीपुऱ्याच्या कामगार वस्तीत या प्रश्नावर भरवशाचं एकच नाव होतं, डॉ. भक्ती यादव. लोक त्यांना डॉक्टर दादी म्हणायचे.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १९२६ चा, उज्जैन जिल्ह्यातल्या महिदपूरच्या मराठी घरातला. मुलींना शिकवायची रीत नसलेला तो काळ. तरी वडिलांनी त्यांना नातेवाइकांकडे गरोठला शिकायला पाठवलं. पुढं त्या इंदूरच्या अहिल्याश्रम शाळेत आल्या. इथलं महात्मा गांधी मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा पहिल्या बॅचला ४० विद्यार्थी होते आणि त्यांत मुलगी एकच, भक्ती. १९५२ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, नंतर स्त्रीरोग विषयात एमएस केलं. १९५७ मध्ये सोबत शिकलेले डॉ. चंद्रसिंह यादव यांच्याशी लग्न झालं.

गिरणी कामगारांच्या बायकांसाठी नंदलाल भंडारी प्रसूतिगृह होतं. तिथं त्यांनी बरीच वर्षं काम केलं. १९७८ मध्ये ते बंद पडलं, तेव्हा त्यांनी परदेशीपुऱ्यात स्वतःचं वात्सल्य नर्सिंग होम काढलं. गरिबाकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि होता होईल तो बाळंतपण नॉर्मल करायचं, अशी तिथली रीत. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात एका ऑपरेशननं कर्ज होतं आणि बाई कितीतरी दिवस कामाला जाऊ शकत नाही.

पण नॉर्मलसाठी थांबणं म्हणजे बाईला नुसतं पडू देणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं, की गर्भाशयाचं तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा हिशेब प्रत्येक बाईला लागू होत नाही. आई-बाळ ठीक असतील तर केवळ उशीर होतोय म्हणून कळा वाढवायची घाई करू नये. मात्र बाळाचे ठोके कळांच्या काळात दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि जोर देताना दर पाच मिनिटांनी ऐकायचेच. काही बिघडतंय असं दिसलं, की सिझर टाळायचं नाही.

भक्तीताईंना २०१७ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तब्येतीमुळं त्या दिल्लीला जाऊ शकल्या नाहीत, सन्मान इंदुरातच घरी आला. १४ ऑगस्ट २०१७ ला, वयाच्या ९१ व्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षाच्या शेवटी केंद्र सरकारनं सरकारी प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणला. सुरक्षित बाळंतपण आणि बाईला सन्मानाची वागणूक, या दोन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या आहेत. आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात त्या मिळतात का, हे विचारायचा हक्क प्रत्येक घराला आहे.