आडव्या पट्ट्यांमागचा माणूस

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला ‘गँट चार्ट’ भेटतोच. पण हा गँट कोण होता आणि त्याला त्या चार्टमधून नेमकं काय बघायचं होतं?

प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेशन सध्या फक्त आयटीवाल्यांपुरतं राहिलेलं नाही. सिव्हिल, फार्मा, इव्हेंट, सगळीकडे त्याला मागणी आहे. अनुभव गाठीशी असेल तर पीएमपी, नुकतीच सुरुवात असेल तर सीएपीएम. कुठलीही परीक्षा घ्या, अभ्यासाच्या पुस्तकात गँट चार्ट असतोच. डावीकडे कामांची यादी, वर तारखा आणि मध्ये आडव्या पट्ट्या. आपण व्याख्या पाठ करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ‘गँट’ हा कसला तरी शॉर्टफॉर्म असावा, असंही कित्येकांना वाटतं. पण ते एका इंजिनीअरचं आडनाव आहे. हेन्री लॉरेन्स गँट.

श्रीमंती गेली, शाळा मिळाली

हेन्रीचा जन्म १८६१ सालचा, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला. घरची मोठी शेती होती आणि त्या शेतीत गुलाम राबत होते. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. युद्ध संपलं, गुलामगिरी गेली आणि गँट कुटुंबाची श्रीमंतीही गेली. हेन्रीला बाल्टिमोरजवळच्या मॅकडोनो शाळेत घातलं गेलं. गरीब मुलांसाठी चालवलेली ही निवासी शाळा होती. तिथे पुस्तकांबरोबर शेतातलं कामही करावं लागायचं.

तिथून तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेला आणि १८८० मध्ये पदवीधर झाला. मग पुन्हा आपल्याच शाळेत येऊन शिक्षक झाला. पुढे १८८४ मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. हा माणूस इंजिनीअर होण्याआधी मास्तर होता, हे लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत त्याचा संबंध येतो.

टेलरसोबत, पण वेगळ्या वाटेने

१८८७ मध्ये गँट फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कंपनीत लागले. तिथे त्यांची गाठ पडली फ्रेडरिक टेलर यांच्याशी. होय, मॅनेजमेंटच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये भेटणारे तेच टेलर, ‘सायंटिफिक मॅनेजमेंट’वाले. हातात घड्याळ घेऊन कामगाराची प्रत्येक हालचाल मोजायची आणि काम करण्याची सगळ्यात चांगली पद्धत शोधायची, हा टेलर यांचा खाक्या. पुढे बेथलहेम स्टीलमध्येही दोघांनी एकत्र काम केलं.

पण पगाराच्या बाबतीत दोघांचे रस्ते वेगळे झाले. टेलर यांच्या पद्धतीत ठरलेलं काम पूर्ण केलं तर चढा दर आणि नाही झालं तर पडता दर. म्हणजे मागे पडलेल्याला फटका. गँट यांनी १९०१ मध्ये वेगळी पद्धत मांडली. काम पूर्ण झालं तर बोनस, नाही झालं तरी दिवसाची मजुरी पक्की. शिवाय बोनस मिळवणाऱ्या प्रत्येक कामगारामागे त्याच्या फोरमनलाही काही रक्कम द्यायची आणि सगळ्याच कामगारांनी बोनस मिळवला, तर आणखी जास्त.

यातली गंमत बघा. मागे पडलेल्या कामगाराला शिकवून पुढे आणणं हे आता फोरमनच्याच फायद्याचं झालं. ओरडणारा मुकादम शिकवणारा व्हावा, ही त्यामागची कल्पना. आतला मास्तर जागा होता, तो असा.

रेषा का थांबली?

रोजच्या कामाचा हिशेब आकड्यांऐवजी चित्रात दाखवण्याचा गँट यांचा प्रयत्न १९०३ पासूनच सुरू होता. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि या तक्त्यांना खरं काम मिळालं. दारूगोळा किती हवा, किती तयार झाला, जहाजबांधणी कुठे अडली, हे ढीगभर कागदांतून कळत नव्हतं. गँट यांचा तक्ता बघितला की एका नजरेत कळायचं.

त्यात एक चौकट म्हणजे समजा एक आठवडा. पण तीच चौकट त्या आठवड्यात व्हायला हवं असलेलं कामही दाखवायची. काम निम्मं झालं, तर रेषाही निम्म्यावर थांबायची. खाली एक जाड रेषा आतापर्यंतचं एकूण काम दाखवायची. ठरलेलं आणि झालेलं शेजारी शेजारी.

आणि रिकाम्या जागेत कारणाची खूण. माल आला नाही, मशीन दुरुस्तीला आहे, माणसं कमी पडली, ऑर्डरच नाही. अशी कारणं एका ओळीत लावली की दिसायचं, यातली बरीचशी कामगाराच्या हातातली नाहीतच. माल वेळेवर आणणं हे वरच्या साहेबाचं काम. म्हणजे हा तक्ता मॅनेजरपुढे धरलेला आरसाही होता.

२३ नोव्हेंबर १९१९ रोजी गँट गेले. वय अवघं ५८. त्यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी १९२२ मध्ये या तक्त्यावर पुस्तक लिहिलं आणि ‘गँट चार्ट’ हे नाव जगभर गेलं. तशी पहिली कल्पना त्यांचीच, असं मात्र म्हणता येत नाही. पोलंडचे इंजिनीअर कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ मध्येच असा तक्ता तयार केला होता. शिवाय कुठलं काम कशावर अवलंबून आहे, हे नुसत्या पट्ट्यांतून नीट दिसत नाही. त्यासाठी १९५० च्या दशकात सीपीएम आणि पर्ट या पद्धती आल्या. त्याही तुमच्या सिलॅबसमध्ये आहेतच.

मग परीक्षेसाठी काय?

पीएमपीमध्ये व्याख्यांपेक्षा प्रसंगांवरचे प्रश्न जास्त असतात. प्रोजेक्ट लेट झालाय, टीममधला एक जण मागे पडलाय, मॅनेजरने आधी काय करावं? ‘वरिष्ठांकडे तक्रार’ किंवा ‘माणूस बदला’ असे पर्याय समोर असतात आणि घाईत त्यांवरच टिक होते. पण बहुतेक वेळा बरोबर उत्तर असतं, आधी कारण शोधा. रेषा थांबली, तर का थांबली ते विचारा. गँट शंभर वर्षांपूर्वी तेच करत होते.

हे स्वतःच्या अभ्यासालाही लावून बघा. वहीत प्रत्येक आठवड्यापुढे ठरवलेले धडे लिहा आणि खाली झालेल्या धड्यांची रेषा ओढा. जिथे रेषा तोकडी पडेल, तिथे ‘आळस’ असा सरसकट शिक्का मारू नका. कॉलेजची सबमिशन्स, घरचं लग्न, मुळात कच्चा राहिलेला विषय, जे खरं कारण असेल ते लिहा. तीन आठवड्यांत तेच कारण दोनदा आलं, तर बदलायचं काय, ते तुम्हाला कळलेलं असेल.