थोरला प्लिनी

गायस प्लिनियस सेकंडस ऊर्फ थोरला प्लिनी (इ.स. २३ किंवा २४ – इ.स. ७९) हा रोमन साम्राज्यातील लेखक, प्रशासक आणि आरमारप्रमुख होता. 'नातुरालिस हिस्तोरिया' हा निसर्गविषयक ज्ञानाचा ३७ खंडांचा लॅटिन ग्रंथ ही त्याची प्रमुख कृती होय. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात सापडलेल्या लोकांच्या सुटकेसाठी गेला असता त्याचा मृत्यू झाला.

जीवन

प्लिनीचा जन्म उत्तर इटलीतील कोमो येथे एका सधन कुटुंबात झाला. तरुणपणी तो जर्मानियातील रोमन घोडदळात अधिकारी होता. सम्राट नीरोच्या काळात राजकीय विषय टाळून त्याने व्याकरणावर लेखन केले. व्हेस्पासियन सम्राट झाल्यावर मात्र त्याला स्पेनसह काही प्रांतांत महसुली अधिकारपदे मिळाली. जेवताना तो ग्रंथ वाचून घेई. रोममध्ये पायी फिरल्याने अभ्यासाचा वेळ वाया जातो, असे मानून तो पालखीतून जात असे.

'नातुरालिस हिस्तोरिया' हा ग्रंथ त्याने इ.स. ७७च्या सुमारास व्हेस्पासियनचा पुत्र टायटस याला अर्पण केला. सुमारे २,००० ग्रंथांतून २०,००० नोंदी घेतल्याचा दावा त्यात आहे. ऐकीव आणि अद्भुत मजकूरही त्यात भरपूर आहे. मोसमी वाऱ्यांच्या आधारे अरबी समुद्र ओलांडून मलबार किनाऱ्यावरील मुझिरिस बंदर गाठण्याच्या मार्गाचे वर्णन सहाव्या खंडात येते. दुसऱ्या खंडात एटनासह अनेक अग्निमुखी पर्वतांची यादी आहे. व्हेसुव्हियसचे नाव त्या यादीत नाही.

ही उणीव एकट्या प्लिनीची नव्हती. व्हेसुव्हियस कित्येक शतके शांत होता आणि त्याच्या उतारांवर द्राक्षमळे होते. तेथील जळक्या खडकांवरून हा पर्वत पूर्वी पेटला असावा, असे स्ट्रेबो या भूगोलकाराने आधीच लिहिले होते. इ.स. ६२च्या भूकंपात पाँपेईची मोठी हानी झाली, पण त्याचा संबंध या पर्वताशी कोणी जोडल्याचे दिसत नाही.

व्हेसुव्हियसचा उद्रेक

इ.स. ७९मध्ये प्लिनी नेपल्सच्या आखातावरील मिसेनम येथे आरमाराचा प्रमुख होता. बहीण आणि १७ वर्षांचा भाचा (धाकटा प्लिनी) त्याच्यासोबत राहत होते. उद्रेकाची पारंपरिक तारीख २४ ऑगस्ट आहे. परंतु २०१८ साली पाँपेईत सापडलेल्या कोळशाने लिहिलेल्या एका मजकुरावरून तो ऑक्टोबरमध्ये झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

दुपारी आखातापलीकडे छत्रीच्या आकाराच्या पाइन वृक्षासारखा एक ढग दिसू लागला. तो जवळून पाहण्यासाठी प्लिनीने हलकी नौका तयार करण्यास सांगितले. भाच्याने अभ्यासाचे कारण सांगून सोबत जाण्याचे टाळले. तेवढ्यात पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या रेक्टिना नावाच्या स्त्रीचा मदतीसाठी निरोप आला. तेव्हा निरीक्षणाचा बेत बदलून प्लिनीने मोठ्या युद्धनौका सुटकेसाठी काढल्या.

भूगर्भातील शिलारसात वाफ आणि इतर वायू दाबाखाली विरघळलेले असतात. शिलारस वर येताना दाब घटतो, वायूंचे बुडबुडे वेगाने फुगतात आणि शिलारसाचा चुरा होऊन तो राख व प्यूमिस (सच्छिद्र, हलके दगड) यांच्या रूपाने वर फेकला जातो. त्या दिवशीचा हा स्तंभ सुमारे ३० किमी उंच गेला असावा. नौकांवर राख आणि प्यूमिस पडू लागले, किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ झाला आणि पायथ्याशी उतरणे अशक्य झाले. तेव्हा प्लिनी स्टाबिया येथे आपला मित्र पोंपोनियानस याच्याकडे गेला. ज्या वाऱ्याने तो तेथे पोहोचला, त्याच वाऱ्यामुळे परत निघता येईना.

इतरांची भीती कमी व्हावी म्हणून त्याने स्नान आणि भोजन केले व तो झोपी गेला. अंगणात राखेचा थर वाढू लागल्यावर त्याला उठवण्यात आले. घरे हादरत होती, म्हणून डोक्यांवर उशा बांधून सर्वजण किनाऱ्यावर आले. सकाळ झाली होती, तरी तेथे दाट काळोख होता. गंधकाचा वास आल्यावर इतर लोक पळाले. दोन गुलामांच्या आधाराने उठलेला प्लिनी मात्र तेथेच कोसळला. पुन्हा उजेड पडल्यावर त्याचा देह अखंड स्थितीत सापडला.

विषारी वायूमुळे तो मरण पावला, असे पूर्वी सर्रास मानले जाई. परंतु त्याचे सोबती वाचले आणि त्याला श्वसनाचा जुना त्रास होता, हे पाहता राखेच्या धुरळ्याने त्याचा श्वास कोंडला असावा किंवा हृदय बंद पडले असावे, हे अधिक संभवनीय वाटते.

सर्वाधिक घातक टप्पा वरून पडणाऱ्या दगडांचा नव्हता. पहिल्या रात्रीपासून स्तंभ अधूनमधून कोसळू लागला आणि तप्त राख व वायूंचे लोट उतारांवरून प्रचंड वेगाने खाली आले. अशा लोटापुढे धावून सुटका होत नाही आणि घराचे छप्परही उपयोगी पडत नाही. हर्क्युलेनियमच्या किनाऱ्यावरील नौकाघरांत आसरा घेतलेल्या सुमारे ३०० लोकांचे सांगाडे उत्खननात सापडले आहेत.

वारसा

या घटनेचा वृत्तांत धाकट्या प्लिनीने सुमारे पाव शतकानंतर इतिहासकार टॅसिटस याला लिहिलेल्या दोन पत्रांत आहे. त्यावरून अशा उद्रेकांना 'प्लिनीय उद्रेक' म्हणतात. १९९१चा फिलिपिन्समधील पिनातुबोचा उद्रेक याच प्रकारचा होता. व्हेसुव्हियसचा अखेरचा उद्रेक १९४४ साली झाला. त्याच्या सर्वाधिक धोक्याच्या क्षेत्रात आज सहा लाखांहून अधिक लोक राहतात. उद्रेकाची चिन्हे दिसताच त्यांना ७२ तासांत बाहेर काढण्याची योजना इटालियन शासनाने आखली आहे.