मार्सेलिसच्या धक्क्यावरून सावरकरांना परत का नेता आले? हेगच्या लवादाने नेमका काय निकाल दिला?

८ जुलै १९१०. फ्रान्समधील मार्सेलिस बंदरात उभ्या असलेल्या ‘मोरिया’ बोटीच्या स्नानगृहातील छोट्या खिडकीतून २७ वर्षांच्या विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. इथपर्यंतची गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण पुढचा भाग कायद्याचा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला ब्रिटिश पोलीस परत कसे नेऊ शकले? आणि हे प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेल्यावर काय झाले?

लंडनमध्ये अटक का झाली?

२८ मे १८८३ रोजी नाशिकजवळील भगूर येथे जन्मलेले सावरकर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून पदवी घेऊन १९०६ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. ‘ग्रेज इन’मध्ये त्यांचे कायद्याचे शिक्षण सुरू होते, तर ‘इंडिया हाऊस’मधून क्रांतिकारकांची जुळवाजुळव. जून १९०९ मध्ये थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घातल्या. लंडनहून पिस्तुले पाठवल्याचा ठपका सावरकरांवर आला. १९१० च्या सुरुवातीला ते पॅरिसला गेले होते. तेथून परतताच १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली.

इंग्लंडच्या न्यायालयांत काय झाले?

त्या काळी इंग्लंडमध्ये राजकीय आरोपींना संरक्षण होते. १८७० च्या प्रत्यार्पण कायद्यानुसार राजकीय गुन्ह्यासाठी कोणालाही परक्या देशाच्या हवाली करता येत नव्हते. मात्र हिंदुस्थान परका देश नव्हता, साम्राज्याचाच भाग होता. त्यामुळे सावरकरांना ‘फरारी गुन्हेगार कायदा, १८८१’ लावण्यात आला. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी पाठवण्यासाठी केलेल्या या कायद्यात राजकीय गुन्ह्याचा अपवादच नव्हता.

त्यात एक पळवाट मात्र होती. आरोपीला पाठवणे अन्यायाचे किंवा जाचक ठरेल असे वाटल्यास वरिष्ठ न्यायालय त्याला सोडू शकत होते. बो स्ट्रीट येथील मॅजिस्ट्रेटने पाठवणीचा आदेश दिल्यावर सावरकरांच्या वकिलांनी हेबिअस कॉर्पस अर्ज केला. खटला चालवायचाच तर इंग्लंडमध्ये चालवा, अशी त्यांची बाजू होती. हायकोर्टाने आणि नंतर अपील न्यायालयाने ती फेटाळली. १ जुलैला बोट निघाली.

मार्सेलिसला काय घडले?

पोहत धक्क्यावर आलेले सावरकर धावू लागले. फ्रेंच सागरी पोलीस दलाच्या एका जमादाराने त्यांना पकडले. बोटीवरून पाठलाग करत आलेली माणसे तेथे पोहोचली आणि सर्व जण मिळून सावरकरांना बोटीवर घेऊन गेले. काही मिनिटांत सारे संपले. ना मॅजिस्ट्रेटपुढे हजेरी, ना कुठला कागद. दुसऱ्या दिवशी बोट मार्सेलिसहून सुटली.

फ्रान्सचा आक्षेप काय होता?

कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांनी ‘ल्युमानिते’ या समाजवादी दैनिकातून हे प्रकरण लावून धरले. फ्रेंच सरकारने सावरकरांना परत मागितले. आरोपी फ्रान्सच्या भूमीवर आला की त्याला रीतसर प्रत्यार्पणाशिवाय नेता येत नाही आणि राजकीय आरोपीचे प्रत्यार्पण होत नाही, हा मुद्दा होता. ऑक्टोबर १९१० मध्ये दोन्ही देशांनी प्रकरण हेगच्या कायम लवाद न्यायालयाकडे सोपवण्याचा करार केला.

लवादाने काय ठरवले?

बेल्जियमचे माजी पंतप्रधान ऑगस्ट बेर्नार्ट यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यांनी २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल दिला. सावरकरांना परत देण्यास ब्रिटन बांधील नाही, असा तो निकाल होता.

त्यामागचे तर्क असे : बोट येणार असल्याची कल्पना फ्रेंच पोलिसांना आधीच दिलेली होती. सावरकरांना ताब्यात घेताना ब्रिटिशांनी फसवणूक किंवा बळजबरी केली नाही. फ्रेंच पोलिसानेच त्यांना सोपवले. या सोपवण्यात अनियमितता झाली, हे लवादाने मान्य केले. पण परदेशी अधिकाऱ्याच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत केलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम नाही, असे म्हटले.

सावरकरांना फ्रान्समध्ये आश्रय मिळायला हवा होता का, हा प्रश्न लवादाने सोडवलाच नाही. वाद दोन सरकारांमधला होता. ज्याचे आयुष्य पणाला लागले होते, तो त्यात पक्षकारही नव्हता.

निकालापर्यंत उशीर झाला होता का?

तारखा पाहिल्या की लक्षात येते. मुंबईच्या विशेष न्यायालयाने, आरोपीला कसे आणले यामुळे आपला खटला चालवण्याचा अधिकार बाधित होत नाही, असे सांगितले. डिसेंबर १९१० मध्ये पहिली आणि जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप झाली. मिळून ५० वर्षे. हेगचा निकाल त्यानंतर आला. जुलै १९११ मध्ये सावरकर अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये होते.

पुढे काय झाले?

अंदमानातून त्यांनी सुटकेसाठी सरकारकडे अर्ज केले, त्यावरून आजही वाद होतात. १९२१ मध्ये त्यांना मुख्य भूमीवर आणले गेले. १९२४ मध्ये सुटका झाली, पण १९३७ पर्यंत ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. नंतर ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. गांधीहत्येच्या खटल्यात १९४९ मध्ये निर्दोष सुटले. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज असे घडले असते तर?

छळ होण्याची भीती असलेल्या ठिकाणी निर्वासिताला परत पाठवू नये, हा नियम १९५१ च्या निर्वासित करारात आला. भारताने या करारावर सही केलेली नाही, फ्रान्स आणि ब्रिटन मात्र त्याला बांधील आहेत. तातडीच्या प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालय सुनावणीआधीच पाठवणी थांबवायला सांगू शकते. १९१० मध्ये असा थांबा कुठेच नव्हता. आधी बोट सुटली आणि युक्तिवाद सात महिन्यांनी झाले. आश्रय मागणाऱ्यासाठी निकालाइतकीच स्थगितीही का महत्त्वाची असते, ते या प्रकरणातून कळते.