विश्लेषण : उजव्या पक्षांचे मराठी राष्ट्रपतिपदाचे उमेदवार सी. डी. देशमुख कोण होते? १९६९ चा निकाल कसा फिरला?

१ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. राष्ट्रपती शिर्डीला येतात. पण त्यांना निवडताना शिर्डीकर थेट मतदान करत नाहीत. त्यांच्या वतीने आमदार आणि खासदार मत देतात. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५, तर खासदाराच्या मताचे ७०० होते. याच पद्धतीतील दुसऱ्या पसंतीने १९६९ मध्ये देशाचे राजकारण बदलले. त्या लढतीतील तिसरे नाव होते चिंतामणराव देशमुख.

देशमुख कोण होते?

जन्म १४ जानेवारी १८९६, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे शिक्षण आणि १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक. मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी प्रशासकीय सेवा केली. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही त्यांच्या नावावर आहे.

राजीनामा का दिला?

१९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पुढे मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा निर्णय झाला. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला पुरेसे विश्वासात न घेता झाला, असा त्यांचा आक्षेप होता. मुंबईतील आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराबद्दलही त्यांनी सरकारला जाब विचारला. जुलै १९५६ मध्ये ते पायउतार झाले. नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम केले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

उजव्या पक्षांना ते का हवे होते?

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसच्या ज्येष्ठ नेत्यांनी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पुढे केले. इंदिरा गांधींचा कल व्ही. व्ही. गिरींकडे होता. १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. राजाजींचा स्वतंत्र पक्ष सरकारी नियंत्रणाचा कडवा विरोधक, तर जनसंघ हिंदुत्ववादी. या दोन्ही पक्षांनी देशमुखांना पाठिंबा दिला. जाणकार, स्वच्छ प्रतिमेचा आणि पंतप्रधानांचा मिंधा नसलेला माणूस राष्ट्रपती भवनात असावा, अशी परंपरावादी मतदाराची अपेक्षा असते. त्या चौकटीत ते चपखल बसत होते.

विसंगती मात्र लपत नाही. स्टेट बँकेची स्थापना (१९५५) आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण (१९५६) देशमुख अर्थमंत्री असतानाच झाले होते. म्हणजे राष्ट्रीयीकरणाच्या विरोधकांनी एका राष्ट्रीयीकरण करणाऱ्यालाच उमेदवार केले. धोरणापेक्षा माणसाच्या चारित्र्याला त्यांनी अधिक वजन दिले, असे यावरून म्हणता येते.

निकाल कसा फिरला?

मतदानापूर्वी काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मिळावीत म्हणून स्वतंत्र पक्ष व जनसंघाशी बोलणी केली. हाच मुद्दा इंदिरा गांधींच्या गटाने उचलला आणि सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन झाले.

१६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. कोणीच तिथवर पोहोचले नाही. त्यामुळे कमी मतांचे उमेदवार एकेक करून बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली गेली. यात रेड्डींना जवळपास ९२ हजार, तर गिरींना साडेअठरा हजारांची भर पडली. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. त्याच वर्षाअखेरीस काँग्रेस फुटली.

पुढे काय?

देशमुखांना १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रातील व्यक्ती राष्ट्रपती होण्यासाठी २००७ उजाडावे लागले. त्या वर्षी प्रतिभाताई पाटील निवडून आल्या. देशमुखांना हे पद मिळाले नाही. पण मिळालेले पद तत्त्वासाठी सोडणारे अर्थमंत्री म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो.