पंडिता रमाबाई : आपल्याच माणसांना सत्य सांगणारी स्त्री

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. लोणखेड्यात आम्ही फुले-आंबेडकरांवर भरभरून बोलतो, पण रमाबाईंचे नाव क्वचितच घेतो. ब्राह्मण घरातल्या आणि ख्रिस्ती झालेल्या बाईशी आपले काय नाते, असे आम्हालाही वाटायचे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईने त्यांना संस्कृत शिकवले. शास्त्रे वाचता वाचता त्यांना कळले की, इतर बाबतींत भांडणारे हे ग्रंथ स्त्री-शूद्रांना हीन ठरवण्यात मात्र एकमत आहेत. १८८० मध्ये त्यांनी शूद्र गणल्या गेलेल्या बिपिनबिहारी मेधावींशी विवाह केला. दोन वर्षांत वैधव्य आले.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे गहजब झाला. महात्मा फुले मात्र ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. टाकलेल्या स्त्रीलाही जवळ करणाऱ्या ख्रिस्तामुळे त्यांना बळ मिळाले. विधवांचे हाल त्यांनी जगापुढे मांडले, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, दुष्काळातून वाचवलेल्या मुली केडगावला सांभाळल्या. प्लेगच्या काळात इंग्रज सरकारलाही जाब विचारला. मिशनऱ्यांचा शब्दही मुकाट्याने मानला नाही.

आपला मार्ग धम्माचा आहे. पण सोयरीक जुळवताना आपल्याकडेही पोटजात विचारली जाते. २२ प्रतिज्ञा घेणाऱ्या तरुणांनो, हे आपल्याच घरात बोलायचे धैर्य आपण कधी दाखवणार?

जय भीम!